उलटा घातलेला रेनकोट

१

निरोप आला त्या दिवशी मी सहावीच्या वर्गाला वारे शिकवत होते. फळ्यावर पृथ्वीचा गोळा काढून त्यावर बाण काढत होते. डिसेंबर संपत आला होता आणि उन्हाचा पट्टा पहिल्या बाकापर्यंत आला होता. मुलं त्या पट्ट्यात बसायला मिळावं म्हणून एकमेकांना सरकवत होती.

त्या सकाळी नेहमीसारखंच सगळं झालं होतं. प्रेमदास, म्हणजे माझे यजमान, पशुधन पर्यवेक्षक होते. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक होती आणि आम्ही राहायला वर्ध्याला लागून, सिंदी मेघेत. रोज हिंगणघाटवरून मोटरसायकलनं जाणं-येणं. एसटीनं जा म्हटलं की म्हणत, गाय काही एसटीचं टाइमटेबल पाहून अडत नाही.

थंडीत आणि पावसात मोटरसायकलवर कोरडं आणि गरम कसं राहायचं, याचं त्यांचं शास्त्र होतं. बनियनवर वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर तपकिरी स्वेटर. मोज्यांवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, मग बूट. हेल्मेटच्या काचेला आतून कोरड्या साबणाचा हात, म्हणजे श्वासानं धुकं धरत नाही. आणि या सगळ्यावर राखाडी रेनकोट, उलटा. बटणं पाठीवर. सरळ घातला तर बटणांच्या फटीतून वारा छातीत शिरतो, उलटा घातला की छाती सलग राहते. त्याची टोपी त्यांनी पहिल्याच दिवशी कापून टाकली होती, कारण उलट्या रेनकोटाची टोपी हनुवटीखाली येऊन पाणी साठवते.

आमच्याकडे गाडी चालवणारे बरेच जण थंडीत असं उलटं घालतात. अडचण एकच. स्वतःच्या पाठीवरची बटणं स्वतःला लावता येत नाहीत. ते काम माझं होतं. टिचबटणं होती ती, पाच. खालून सुरू करायचं. एक बोट आतून टेकवायचं, वरून अंगठ्यानं दाबायचं, टिच् असा आवाज आला की पुढचं. चौथं झालं की ते दरवेळी म्हणत, "वरचं राहू दे. तिथं दुपट्टा बसते." मग दुपट्ट्याचं टोक त्या उघड्या जागेत खोचून निघत. संध्याकाळी उतरवताना मात्र त्यांना कुणी लागत नसे. गळ्याशी धरून पुढे ओढला की चारही बटणं एकामागून एक सुटत. टिच् टिच् टिच् टिच्. तो आवाज आला की मी चहा ठेवत असे.

त्या सकाळीही मी चार लावली आणि वरचं राहू दिलं.

मुख्याध्यापिका वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तास चालू असताना त्या कधी येत नसत. मी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि पर्स घेतली. त्यांनी अजून काही सांगितलेलं नव्हतं.

एका शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हैस तपासून झाल्यावर प्रेमदासांनी पाणी मागितलं होतं आणि ते पायरीवर बसले होते. पाणी येईपर्यंत ते गेलेले होते. रस्ता नाही, अपघात नाही, पाऊस नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

२

गाडी आणि सामान त्यांचे सहकारी मधुकरराव घेऊन आले. रेनकोट दवाखान्यातल्या खुंटीवर होता, तो त्यांनी घडी घालून डिकीत ठेवला होता. "वहिनी, हे पाहा, सारं आणलं," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले. रेनकोट मी मागच्या खोलीत, अंगणाच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगला. पुढचे बरेच महिने तिकडे पाहिलं नाही.

आमच्या घराविषयी एक सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातला शेंदराचा दगड स्वतः उचलून नदीत नेऊन सोडला. तेव्हापासून आमच्याकडे देव नाहीत आणि भुतंही नाहीत. प्रेमदास गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी अनित्यतेवर बोलले. जे एकत्र येतं ते विलग होतं. मी ते ऐकलं आणि मला ते पटलं. आजही पटतं.

मुलगी रक्षा पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नोकरीला लागली. समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्र समुद्रपूर तालुक्यातच, वडिलांच्या दवाखान्यापासून फार लांब नाही. मी म्हटलं, तिथेच खोली कर. ती म्हणाली, तू इथं एकटी राहशील का? मी म्हटलं, मग स्कूटी घे. ती अंगणात गेली, वडिलांच्या गाडीवरची धूळ पुसली, साखळीला तेल घातलं आणि गाडी सुरू केली. पहिल्याच किकला सुरू झाली. स्कूटीचा विषय तिथेच मिटला.

३

जानेवारीत आभाळ आलं. अवकाळीचं आभाळ आलं की आमच्याकडे लोक वर न पाहता बोलतात. वेचायचा राहिलेला कापूस ओला होणार, हरभऱ्याचं फूल झडणार. गारांचा इशारा होता. वारा उत्तरेचा आणि पाऊस बारीक, पण थंड. त्या पावसात मोटरसायकलवर बसणं म्हणजे फ्रीजमध्ये बसून पंखा लावणं.

रक्षासाठी मी बाजारातून नवा रेनसूट आणला होता. पहिल्या दिवशी ती संध्याकाळी आली तेव्हा तिचे ओठ निळे होते आणि हेल्मेटचा पट्टा तिला सोडवता येईना. पँटची शिवण बसायच्या जागीच गळत होती आणि जॅकेटच्या चेनमधून वारा थेट आत. मी तिचे हात माझ्या काखेत धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्राची घडी केली.

"आई, मी पार्सल आहे का?" मोज्यांवर दुधाच्या पिशव्या चढवताना ती म्हणाली. पण घालू दिल्या. साबणाचा हातही काचेला दिला. मग मी खिळ्यावरून तो रेनकोट काढला, झटकला आणि तिला उलटा घातला. खालून सुरुवात केली. टिच्. बोटांना सगळं आठवत होतं. तिची मान बारीक, पाणी आत जाईल, म्हणून मी वरचंही लावलं. पाचही.

दिवसभर पाऊस होता. वर्गाच्या खिडकीतून मी फक्त पावसाकडे पाहत होते. ती आली तेव्हा अंधार पडायचा होता. अंगणात गाडी लावून आत आली, आणि मी पहिल्यांदा तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ नेहमीच्या रंगाचे होते. हात गरम. मोजे कोरडे. स्वेटरखालची वर्तमानपत्राची घडी मी काढली तर ती तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखी ऊबदार होती.

मला इतकं हायसं वाटलं की ती पाठमोरी झाल्यावर जे दिसलं, त्याचा विचार मी नंतर केला. चार बटणं लावलेली होती. वरचं उघडं होतं.

सकाळी मी सहज विचारलं, निघताना तुला बटणं कोण लावून देतं गं? उपकेंद्रातल्या आशाताई का?

"आशाताई तं दुपारीच घरी जाते. कोनी नाई," ती म्हणाली. "मी तसाच अडकवते. मागून उघडाच. थोडा वेळ फडफडते, मंग नाई फडफडत. बॅगनं दबत असतील."

ती पाठीवर सॅक लावते. सॅकच्या वजनानं टिचबटण दाबलं जाऊ शकतं, हे मला पटलं. पटवून घ्यायची माझी इच्छाही होती. पण त्या दिवशी ती यायच्या आधी मी शाळेतून घरी आले होते, आणि पावसानं उघडीप दिल्यामुळे ती सकाळी रेनकोट ठेवून गेली होती. मी तो पलंगावर पसरला, त्याच्यावर तिची जुनी सॅक ठेवली, तिच्यात शाळेचे जाड ग्रंथ भरले, आणि वर गुडघा देऊन दाबलं.

एकही बटण लागलं नाही. लागणारच नाही. टिचबटणाला दोन बोटं लागतात. एक बाहेरून, आणि एक आतून.

४

पाऊस परत आला. पुढचे दिवस असेच गेले. सकाळी मी पाच लावायची, संध्याकाळी ती चार लावून परत यायची, कोरडी ठणठणीत. रस्त्यात अडकलेले लोक, शिंकणारे शेजारी, आणि माझी मुलगी उन्हातून आल्यासारखी. मी विचारणं बंद केलं. कांतानं विचारलं.

कांता आमच्या समोर राहते. तिचं दुकान कोपऱ्यावर, चौकातून वळणारं प्रत्येक वाहन तिला दिसतं. मी साखर आणायला गेले तर ती पुडी बांधता बांधता हसायला लागली.

"काय रक्षाची आई, जावई पाहून ठेवला अन् सांगतलं नाई?"

मी म्हटलं, कसला जावई?

"कसला म्हनजे? रोज तं तुई पोरगी मांगं बसवून आनते त्याले. चौकापर्यंत असते. तिथून पुढं उतरवून देते वाटते, तुह्या भेवानं."

कसा दिसतो, हे मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. कांता म्हणाली, पावसात काय दिसते डोंबल. तिच्या पाठीशी वाकून बसलेला असतो, काहीतरी करत असल्यासारखा. तोंड नाही दिसत. आणि मग थोडी थांबून, आपलं हसणं बाजूला ठेवून म्हणाली, तो ओला नसते पण. सारे ओले असतेत.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं. कुणीतरी मुलगा आहे. उपकेंद्रातला असेल, औषधं देणारा असेल, हिंगणघाटचा असेल. तो बटणं लावून देतो. मुलगी आईला सांगत नाही, यात काय नवल? पायरीवर चप्पल काढताना मला चक्क आनंद झाला होता. कुठल्याही जातीचा, कुठल्याही नोकरीचा असू दे, पण हाडामांसाचा असू दे.

रात्री जेवताना मी विषय काढला. रक्षानं घास तसाच हातात ठेवला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आई, कोनी असता तं एवढ्या थंडीत मी गाडी चालवली असती का? त्याले चालवाले लावली असती, मी मागं बसली असती."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती माझ्या डोळ्यांत पाहते, आणि आत्ता ती लोणच्याच्या बरणीकडे पाहत होती. मग तिनं आपणहून सांगितलं. वणा नदीच्या पुलावर आडवा वारा असतो, गाडी हलते, पहिल्या दिवशी ती तिथे जवळजवळ कठड्याला लागली होती. मला सांगितलं नव्हतं. आता हलत नाही.

"मागं वजन असलं का गाडी कशी रोडले धरून राह्यते, तशी राह्यते," ती म्हणाली. "चांगलं वाटते, आई."

मला चांगलं वाटलं नाही.

५

प्रेमदास असतील, असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. बाईच्या मनात पहिलं तेच येईल. पण मी तो विचार पुढे नेला, आणि तो फार वाईट ठिकाणी गेला. माणूस गेल्यावर मागे काही उरत नाही, असं आम्ही मानतो. सासऱ्यांनी दगड नदीत सोडला तो त्यासाठीच. म्हणजे हे प्रेमदास नाहीत. मग हे कोण आहे, जे रोज माझ्या मुलीच्या पाठीशी बसतं? ज्याला तिला ऊब द्यायची आहे, वाऱ्यात स्थिर ठेवायचं आहे, तिला चांगलं वाटेल असं करायचं आहे? आणि ते कशासाठी? कोंबडीला दाणे टाकतात तेव्हा तिलाही चांगलं वाटत असणार.

त्या संध्याकाळी रक्षा आंघोळीला गेली होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मागच्या खोलीत रेनकोट खिळ्यावर निथळत होता, खाली ठेवलेल्या घमेल्यात थेंब पडत होते. थेंबांचा आवाज मला ऐकू येत होता आणि मी तो ऐकत नव्हते. मग थेंबांच्या मधे एक वेगळा आवाज आला.

टिच्.

प्लास्टिक थंड झालं की आकसतं, असं मी मनात म्हटलं. हात कणकेतच होते.

टिच्.

मी हात न धुता उठले आणि मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. दिवा लावला. रेनकोट खिळ्यावर पाठ करून लटकत होता. आत कुणी नव्हतं, पण तो रिकाम्या रेनकोटासारखा पडलेला नव्हता. खांदे थोडे भरलेले. खालची दोन बटणं लागलेली होती. रक्षानं तो माझ्यासमोर ओढून काढला होता, चारही सुटलेली मी ऐकली होती. तिसऱ्या बटणाच्या जागी दोन्ही पदर जवळ आलेले होते आणि तिथे कापड आतून किंचित पुढे आलं होतं, बोट टेकवल्यासारखं.

न्हाणीघरातून रक्षानं टॉवेल मागितला. मी वळले. टॉवेल देऊन परत आले तेव्हा रेनकोट सपाट लटकत होता. बटणं मात्र दोन लागलेलीच होती. मी ती उघडली नाही.

जेवण झाल्यावर मी रक्षाला म्हटलं, ही गाडी विकून टाकू. आभाळ आहे तोवर तरी जाऊ नको, रजा टाक.

"काऊन?"

मी कारण न सांगता ताटं उचलली.

"आई, शनिवारी लसीकरण आहे. एका बाईचे दिवस भरत आले आहेत, तिला मी सोडून दुसरं कोनी नाई. बाबा गेले असते का घरी बसून पाऊस पाह्यत?"

मी म्हटलं, ठीक आहे. शनिवारी मला सुट्टी आहे. मी येते तुझ्यासोबत. तुझ्या मागे मी बसेन.

तिला वाटलं, आईला करमत नाही. ती म्हणाली, चल ना, तुलेही उपकेंद्र दाखवते. मला एवढंच हवं होतं की शनिवारी ती मागची सीट रिकामी नसावी.

६

जाताना काही झालं नाही. आभाळ होतं पण पाऊस नव्हता. वणेच्या पुलावर गाडी थोडी हलली, मी रक्षाची कंबर धरली. आजूबाजूला तुरीच्या पेंढ्या उभ्या केलेल्या, कपाशीची झाडं काळी पडलेली. प्रेमदासांना हा रस्ता वर्षानुवर्षं रोज दिसायचा आणि मी तो नीट पाहिलेला नव्हता.

उपकेंद्रात रक्षानं बाळांना टोचलं, बाळं रडली, आया हसल्या. दिवस भरलेली बाई येऊन गेली, सगळं ठीक होतं. मी बाकावर बसून सुयांचे डबे मोजल्यासारखं करत होते. दुपार उलटल्यावर पश्चिमेकडे आभाळाचा रंग बदलला. जांभळ्यापेक्षा काळा. बायका भराभरा निघाल्या.

रक्षानं आपल्या रेनसूटची शिवण शिवून घेतली होती, वरून तिनं मेणबत्तीही घासली होती. तो तिनं घातला. तिच्या वडिलांचा रेनकोट मला. मी सरळ घालू लागले तर ती म्हणाली, "उलटा घाल ना, तूच सांगते." मी उलटा घातला. ती माझ्या मागे वाकली आणि खालचं एक बटण लावलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, त्या बाईच्या नवऱ्याचा. बोलत बोलत तिनं उपकेंद्राला कुलूप लावलं, बोलत बोलत गाडी सुरू केली, आणि मी मागे बसले. माझी बाकीची बटणं तशीच राहिली. मी सॅक आणली नव्हती.

गाव सुटल्यावर पाऊस लागला. आधी आडवा, मग समोरून. रक्षाच्या पाठीमागे मी डोकं लपवलं, पण माझी पाठ उघडी होती. रेनकोटाचे दोन्ही पदर फडफडत होते, आणि प्रत्येक वेळी पदर उडाला की पाण्याचा एक थंड हात मणक्यावरून खाली जात होता. थोड्या वेळानं दात वाजायला लागले. मग गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, हेल्मेटवर टकटक करणाऱ्या. रस्त्याच्या कडेला थांबायला झाडही नव्हतं. रक्षानं गाडी हळू केली आणि ओरडून सांगितलं की पुलाच्या पलीकडे एक शेड आहे, तिथपर्यंत धर.

मग फडफड थांबली.

वारा थांबला नव्हता. रक्षाच्या बाह्या फडफडत होत्या. फक्त माझी पाठ शांत झाली. आणि कमरेच्या थोडं वर, पाठीला, एक बोट टेकलं. गार नव्हतं.

टिच्.

हेल्मेट होतं, गारा होत्या, इंजिन होतं, तरी मी तो आवाज ऐकला. ऐकला म्हणण्यापेक्षा पाठीला कळला. मी ओरडले नाही. ओरडले असते तर रक्षानं ब्रेक मारला असता आणि गारांवरून गाडी गेली असती. मी तिची कंबर धरून राहिले आणि एकच गोष्ट मनात म्हणत राहिले, की जे काही आहे ते आत्ता माझ्या मागे आहे, तिच्या मागे नाही.

बोट वर सरकलं. सावकाश, घाई नसल्यासारखं. टेकलं.

टिच्.

तीन. पाठीवर ऊब पसरत होती, थेट चुलीसमोर पाठ करून बसावं तशी. मला ती नको होती आणि माझे दात वाजायचे थांबले होते. रक्षाच्या डाव्या बाजूचा आरसा पाण्यानं भरलेला होता. मी मान न हलवता फक्त डोळे तिकडे नेले. आरशात माझा खांदा दिसला. खांद्यामागे एक कोपर दिसलं, वाकलेलं, कामात असलेलं. तपकिरी स्वेटरचं. त्या पावसात ते कोरडं होतं. त्याच्या पुढे मागे काय आहे ते पाण्यात दिसेना, आणि मी डोळे मिटून घेतले.

टिच्. चार.

आता गळा. चारपर्यंत तर कुणीही जाईल. ज्याला पाठीवरून वर यायचं आहे, ज्याला गळ्यापर्यंत पोचायचं आहे, तो खालूनच सुरुवात करेल. बोटं मानेशी आली. रेनकोटाचे दोन्ही पदर मानेमागे जवळ ओढले गेले, आणि पुढून गळ्यावर कापड ताणलं गेलं. श्वास अडावा इतकं नाही. पण अडू शकेल एवढं. मी तुझी नाही, असं मला म्हणायचं होतं. तू कोण आहेस, असं विचारायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच, प्रेमदासांना हाक मारायचा माझा शब्द, आणि इतक्या हळू, की माझं मलाच हेल्मेटमध्ये ऐकू आलं.

"अजी."

गळ्यावरचा ताण तसाच होता. गाडी पुलावर चढली. खाली वणा गढूळ वाहत असणार. आडवा वारा आला, मोठा, रक्षाचे खांदे ताठ झाले. गाडी हलली नाही. रस्त्याला धरून राहिली.

मग ताण सुटला. एक पदर, दुसरा पदर, आपापल्या जागी परत ठेवल्यासारखे. मानेवरून काहीतरी नीट केल्यासारखा हात फिरला, दुपट्टा खोचताना फिरतो तसा. माझ्या गळ्यात दुपट्टा नव्हता.

पूल ओलांडल्यावर गारा थांबल्या. शेडपाशी थांबायची गरजच पडली नाही.

७

अंगणात गाडी लावली. रक्षानं आपलं हेल्मेट काढलं. तिच्या रेनसूटमध्ये पुन्हा पाणी गेलं होतं, ती कुडकुडत होती. तिनं माझे हात धरले आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य आलं.

"आई, तू तं कोरडी आहेस."

मी म्हटलं, आधी तू कपडे बदल, मी चहा ठेवते. ती आत गेली. मी अंगणात तशीच उभी राहिले. कोपऱ्यावर कांता दुकानाच्या दारातून पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आत वळली. नंतर तिनं त्याविषयी मला कधी विचारलंही नाही.

हात मागे नेऊन मी मानेपाशी चाचपलं. वरच्या बटणाचे दोन भाग बोटांना वेगवेगळे लागले. मोकळे.

दुपट्ट्यासाठी वरचं राहू द्यायचं, ही गोष्ट रक्षाला माहीत नव्हती. मधुकररावांना, कांताला, कुणालाच माहीत नव्हती. इतकी लहान गोष्ट कुणाला सांगत नाहीत. मी दाराच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ रडले, आणि बऱ्याच दिवसांनी ते रडणं छातीत कुठे अडकलं नाही. मी काय मानते ते आजही तेच आहे. मी त्यात काही बदल केलेला नाही. पण गाडी विकायचा विषय मी पुन्हा काढला नाही. गळ्याशी धरून रेनकोट पुढे ओढला, तो सुटला, टिच् टिच् टिच् टिच्, आणि मी आत जाऊन चहा ठेवला.

सोमवारी पुन्हा पाऊस होता. मी वर्तमानपत्राची घडी केली, मोज्यांवर पिशव्या चढवल्या, काचेला साबणाचा हात दिला. रक्षा पाठ करून उभी राहिली. मी खालून सुरुवात केली. चौथं झाल्यावर मी हात खाली घेतले.

"आई, वरचं राह्यलं," ती म्हणाली.

मी ते लावलं नाही.